आग्रह करणारा संगणक

ज्याला बदली हवी आहे, त्यानं ऑफिसात कुठलंही नवीन काम अंगावर घेऊ नये. मी घेतलं, आणि तेही बदली लवकर व्हावी म्हणून घेतलं. माझं अंथरूण, स्टोव्ह आणि कपड्यांची ट्रंक धुळ्याला आणि बायको, आई, मुलगी जळगावला, अशी आमच्या संसाराची वाटणी झालेली होती. शनिवारी ऑफिस सुटलं की जळगावची एस.टी. पकडायची, अंगावर धूळ घेऊन घरी टेकायचं, आणि रविवारी जेवण होतं न होतं तोच पुष्पानं माझी पिशवी भरायला घ्यायची. नूतन तेव्हा पहिलीत होती. मी दारात दिसलो की ती आत ओरडून सांगायची, "आई, धुळ्याचे बाबा आले." जळगावला दुसरे कोणी बाबा नव्हते. तरी ते ऐकल्यावर हातातली पिशवी खाली ठेवायला मला जरा वेळ लागायचा.

पुष्पा जळगावच्या शाळेत शिक्षिका, तेव्हा तिनं धुळ्याला येणं शक्य नव्हतं. माझे घरमालक रतनलालजी यांना हे पटत नसे. त्यांचं खाली किराण्याचं दुकान, वर माझी खोली. रोज संध्याकाळी ते मला ओट्यावर बसवून सल्ला देत. "भोळेसाब, नोकरी दोघांतून एकानं सोडायची. कोणी सोडायची ते ठरवायला भांडण करायचं. भांडणात माणूस जवळ येतो." त्यांच्या पत्नी सुगनबाई आतून म्हणत, "साहेबांना पापड खिलवा, भोळेभाऊ. पापडानं लई कामं होतात." मी एकदा खरंच पापड नेले. साहेबांनी ते शिपायाला देऊन टाकले आणि मला पावती आहे का विचारलं.

हे साहेब म्हणजे प्रधान. आमच्या तापीकाठ तेलबिया सहकारी संघावर मुंबईहून आलेले व्यवस्थापक. सरळ माणूस. कोणाचं वाईट चिंतायचे नाहीत आणि कोणाला दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत. एका वाक्याचं काम दोन वाक्यांत केलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे. आमच्याकडे एका वाक्याच्या कामाला आधी चहा लागतो, त्यामुळे ती आठी कायमचीच होती. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "भोळे, तुम्ही पुण्याला संगणकाचा अभ्यासक्रम केलाय. हे मार्गी लावा, मग तुमच्या जळगावचं बघू." त्या 'बघू'वर मी वर्षभर जगलो.

काम असं होतं. संघाला मंजुरी मिळाली एका संगणकाची आणि विभाग चार: खरेदी, गोदाम, वाहतूक, हिशेब. चारही विभागप्रमुखांना स्वतःचा वेगळा संगणक हवा होता. खरेदीचे बन्सीलालजी म्हणाले, गोदामाबरोबर आम्ही पाणीसुद्धा एका माठातलं पीत नाही. शेवटी साहेबांनी तोड काढली. खरं यंत्र एकच, ते थंड खोलीत बसवायचं, प्रत्येक विभागात काही पडदे आणि कळफलक द्यायचे, आणि त्या एका यंत्राच्या पोटात मी चार नावापुरते संगणक तयार करायचे. प्रत्येकाला वाटलं पाहिजे की आपल्या पडद्यामागे आपला स्वतंत्र संगणक आहे. नसलेल्या वस्तू चौघांना वाटून देण्याचं हे काम होतं, आणि चौघंही त्या वस्तूंवर खूश होते. बन्सीलालजींनी तर आपल्या नसलेल्या संगणकाला कुंकू लावलं.

हे चार नावापुरते संगणक सकाळी चालू करणं, त्यांना डिस्कवर जागा वाटून देणं, जुनं काढून टाकणं आणि संध्याकाळी बंद करणं यासाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे यंत्रानं एकापाठोपाठ एक काय करायचं, त्याच्या लेखी सूचना. ती पडद्यावर मराठीत प्रश्न विचारायची आणि आलेल्या उत्तराप्रमाणे काम करायची. कोणता विभाग? इथे नाव लिहायचं. किती पडदे चालू करू? इथे आकडा. केव्हा बंद करू? इथे वेळ. आणि काही प्रश्नांना नुसतं हो किंवा नाही. आता गंमत अशी की आपण देतो ते नाव आहे, आकडा आहे की वेळ, हे त्या यंत्राला आपोआप कळत नाही. त्याच्या लेखी 'पाच' आणि 'पाचोरा' ही दोन्ही अक्षरंच. आलेलं उत्तर विचारलेल्या जातीचं आहे की नाही, हे लिहिणाऱ्यानंच तपासून घ्यायचं असतं. मी तपासलं नाही. माझी समजूत अशी होती की आकडा मागितला की माणूस आकडा देतो.

पहिल्या दिवशी गोदामाचे निंबाआबा पडद्यासमोर बसले. नरडाण्याहून रोज एस.टी.नं येणारा, पांढऱ्या टोपीतला, अत्यंत गरीब स्वभावाचा माणूस. किती पडदे चालू करू, या प्रश्नावर त्यांनी टाइप केलं, 'दोन-तीन'. स्क्रिप्ट तिथंच आडवी झाली.

"आबा, नक्की आकडा द्यायचा," मी म्हटलं.

"नक्की कसा दिऊ, भाऊ? गर्दी व्हयनी त तीन, नही त दोन. ते त्याले समजाले पाहिजे. इतलं महाग यंत्र शे."

मी स्क्रिप्टला 'दोन-तीन' म्हणजे तीन असं शिकवलं. मग 'जितके असतील तितके' शिकवलं. वेळेच्या प्रश्नावर उत्तर आलं, 'नरडाण्याची गाडी लागली की'. मी आगारात जाऊन गाडीची वेळ विचारली, ती स्क्रिप्टमध्ये घातली, आणि त्याच संध्याकाळी गाडी लवकर लागली. निंबाआबा अर्धवट वजन टाकून धावत गेले आणि त्यांचा संगणक रिकाम्या खुर्चीसमोर प्रश्न विचारत राहिला. दुसऱ्या दिवशी गाडी उशिरा आली, तेव्हा माल उतरवणं चालू असतानाच तो बंद झाला. मी आगारप्रमुखांना भेटून गाड्या वेळेवर सोडण्याची विनंती केली. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

बन्सीलालजींचं वेगळंच. कुठलंही लिखाण ते आधी 'श्री' लिहून सुरू करत. आकडा मागितला, तरी श्री. वेळ मागितली, तरी श्री. श्रीशिवाय नोंद सुरू केली तर वर्ष फुकट जातं, असं त्यांचं म्हणणं. मी स्क्रिप्टला सांगितलं, उत्तराच्या सुरुवातीला श्री दिसलं की ते वगळून पुढचं घे. झालं, वाहतुकीतला श्रीपत दुसऱ्या दिवसापासून पत बनून राहिला आणि त्याला आत प्रवेश मिळेना. तो माझ्यावर पंचायत बसवायला निघाला होता. त्याची समजूत काढायला मला त्याच्याबरोबर पांझरा नदीच्या पुलापर्यंत चालत जावं लागलं.

एवढं सगळं होऊनही मी खचलो नव्हतो. आकडा, वेळ, नाव या तिन्ही जातींशी माझं कसंबसं जमत आलं होतं. हो-नाहीची मला काळजीच नव्हती. दोनच उत्तरं, त्यात चुकायला जागा कुठे? ऑक्टोबरात भुईमुगाची आवक सुरू झाली. सकाळी स्क्रिप्ट प्रत्येक विभागाला विचारी, 'आणखी जागा हवी का?' म्हणजे आजच्या नोंदींसाठी डिस्कवर जादा जागा देऊ का. चारही विभागांनी 'नाही' लिहिलं. दुपारपर्यंत चारही विभागांची जागा भरली, नोंदी अडल्या आणि बाहेर भुईमुगाच्या ट्रॅक्टरांची रांग चौकापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी निंबाआबांना विचारलं, "आबा, जागा हवी होती ना? मग नाही का म्हणालात?"

निंबाआबा माझ्याकडे बघतच राहिले. "पहिलांदा कोन हा म्हनस, भाऊ?"

आणि मला ते लख्ख समजलं, कारण मीही त्याच मातीतला. आमच्याकडे पाहुण्याला भाजी वाढू का विचारलं की तो ताटावर हात आडवा धरतो. ते नाही नसतं, ती रीत असते. यजमान पुन्हा विचारतो, पाहुणा पुन्हा नको म्हणतो, तिसऱ्यांदा यजमान हात बाजूला सारून वाढतो आणि पाहुणा पोटभर जेवतो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा पाहुणा हावरट, आणि एकदाच विचारून भांडं उचलणारा यजमान चिंगूस. माझ्या संगणकानं दोन दिवस चार विभागप्रमुखांना एकदाच विचारून भांडं उचललं होतं. ते उपाशी राहिले, पण तक्रार कोणी केली नव्हती. जागा मागून घेणं त्यांना बरं दिसलं नसतं.

मग मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम केलं. हो-नाहीचं उत्तर घेणारा एक छोटा भाग वेगळा लिहिला. तो प्रश्न एकदा विचारी. नाही आलं तर म्हणे, 'संकोच करू नका,' आणि पुन्हा विचारी. परत नाही आलं तर म्हणे, 'आमच्यासाठी तरी हो म्हणा,' आणि तिसऱ्यांदा विचारी. तिसऱ्या वेळचं उत्तर खरं मानायचं. ऑफिसात आनंदीआनंद झाला. लोक येऊन संगणकाचा आग्रह बघून जात. बन्सीलालजी म्हणाले, "आता घरचा वाटतो." निंबाआबा दोनदा नाही म्हणत, तिसऱ्यांदा किंचित लाजून हो दाबत, आणि जागा मिळाली की पडद्याला हात जोडत. मी पुष्पाला फोन केला की काम मार्गी लागलं, दिवाळीनंतर मी जळगावला येतो. शेजारच्या दुकानातला फोन, पाठीमागे लोक उभे, त्यामुळे ती जास्त काही बोलली नाही. पण ठेवताना म्हणाली, "नक्की ना?" मी म्हटलं, नक्की.

एकदा लिहिलेला चांगला भाग पुन्हा पुन्हा वापरावा, असं अभ्यासक्रमात शिकवलं होतं. म्हणून मी तो आग्रहाचा भाग स्क्रिप्टमध्ये जिथे जिथे हो-नाही होतं तिथे तिथे जोडून टाकला. प्रश्न कसला आहे, हे बघितलं नाही. दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी निंबाआबा काम आवरत होते. स्क्रिप्टनं विचारलं, 'या हंगामाच्या जुन्या नोंदी काढून टाकू का?' हा प्रश्न हंगाम संपल्यावर उपयोगी पडणारा, एरवी नाही म्हणून पुढे जायचा. निंबाआबांनी नाही म्हटलं.

नंतर साहेबांसमोर उभे राहून त्यांनी जे सांगितलं, ते असं. "साहेब, मी नही म्हनं. तो म्हने, संकोच करू नका. मी परत नही म्हनं. मंग तो म्हने, आमनाकरता तरी हा म्हना. आते इतलं कोनी पाय धरी सांगं त मानूस कितलं तोडी बोलई? मन्हा जीव व्हयना नही. मी हा म्हनं."

"आणि?"

"बठ्ठं गयं, साहेब."

बठ्ठं म्हणजे सगळं, हंगामाच्या साऱ्या नोंदी. साहेबांनी निंबाआबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. त्यांना रागावताही येईना. काढून टाकू का असं तीनदा विनवणारं यंत्र त्यांनी मुंबईत पाहिलं नव्हतं. नोंदींची दुसरी प्रत होती, पण ती हंगाम सुरू होण्याआधीची. सगळा भुईमूग वजनकाट्याच्या चिठ्ठ्यांवरून पुन्हा चढवावा लागला. चिठ्ठ्या गोणीत होत्या, काही ओल्या, काहींच्या निंबाआबांच्या माणसांनी तंबाखूच्या पुड्या बांधलेल्या. दिवाळी मी त्या गोणीशेजारी काढली. लक्ष्मीपूजनाला सुगनबाईंनी वर ताट पाठवलं. जळगावला मी फोन केला तेव्हा नूतन म्हणाली, तिचा किल्ला शेजारच्या काकांनी करून दिला. चांगला झालाय का विचारलं तर म्हणाली, खूप छान, काका रोज येतात.

चिठ्ठ्या संपल्या. आग्रहाचा भाग मी काढून टाकला नाही, फक्त नुकसानीच्या प्रश्नांपासून तोडला. हे सगळं मी एकट्यानं, तक्रार न करता निस्तरलं, हे साहेबांनी पाहिलं होतं. माणूस सरळ, म्हटलंच आहे. एका दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर कागद, हातात पेन.

"भोळे, जळगाव शाखेत जागा रिकामी होतेय. तुम्हाला जायचंय?"

या वाक्यासाठी मी वर्षभर धुळ्याच्या उन्हात भाजलो होतो. आणि मी म्हणालो, "नको साहेब. माझ्यासाठी कशाला उगाच तसदी."

"ठीक," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मी उभाच राहिलो. आता ते वर बघतील, म्हणतील, अहो भोळे, संकोच कसला, कुटुंब तिकडे आहे तुमचं. मी आणखी एकदा नको म्हणेन, मग ते म्हणतील जाच, आणि मी मान खाली घालून बरं म्हणेन. सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. साहेबांनी वर पाहिलं. "आणखी काही?"

"नाही साहेब."

"मग दार लावून घ्या."

बाहेर येऊन मी स्वतःची समजूत घातली की ते उद्या विचारतील. दुसऱ्या दिवशी मी विनाकारण फायली घेऊन त्यांच्या दारावरून जात राहिलो. तिसऱ्या फेरीला त्यांनी हाक मारली. मी आत गेलो. त्यांना छपाई यंत्राची शाईची फीत संपली का ते हवं होतं.

आठवड्यानं आदेश निघाला. जळगावला हिशेब विभागातल्या जीवराम वाणीची नेमणूक झाली. जीवराम जन्मानं धुळ्याचा, घर धुळ्यात, सासर धुळ्यातल्याच देवपुरात. तो आदेश हातात घेऊन माझ्याकडे आला. साहेबांच्या खोलीतून लवकर सुटायचं तर प्रत्येक गोष्टीला हो म्हणावं, अशी त्याची वर्षानुवर्षांची पद्धत होती. "अरे, मी रजा मागायला गेलो होतो," तो म्हणाला, "ते म्हणाले जळगावला जाल का, मला वाटलं एका दिवसाचं काम आहे. मी म्हटलं हो हो."

आम्ही दोघं मिळून आस्थापनेच्या कारकुनाकडे गेलो. अदलाबदलीचा अर्ज करता येईल का? तो म्हणाला, करता येईल, पण एकानं संमती दिली आहे आणि दुसऱ्यानं नकार, तेव्हा अदलाबदल कशाची करायची? नकाराची नोंद असताना मागणी केली तर नकार खोटा होता असं लिहून द्यावं लागेल. आणि साहेबांना खोटं का सांगितलं, याचा खुलासा वेगळा. रतनलालजींना विचारलं, तर ते म्हणाले, "एकदम आजारी पडून टाका." सुगनबाईंनी पुन्हा पापड सुचवले.

शेवटी धीर करून आम्ही दोघंही साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बराच वेळ त्यांना प्रश्नच कळेना. "पण भोळे, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो साहेब."

"तुम्ही नको म्हणालात."

"हो साहेब."

"मग?"

ताटावर आडवा धरलेला हात मी त्यांना कसा समजावून सांगणार होतो? मी एवढंच म्हटलं, "मला जायचं होतं, साहेब." त्या क्षणी त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. म्हणाले, "आदेश वरून मंजूर होऊन आलाय, आता माझ्या हातात नाही. आणि खरं सांगू का, तुम्ही नको म्हणालात तेव्हा मला हायसं वाटलं. त्या यंत्राची नाडी तुमच्याशिवाय कोणाला कळते? मला वाटलं, तुम्हाला धुळं मानवलं." जीवराम बाहेर येऊन जिन्यावर बसला आणि रुमालात तोंड घालून रडला. मी त्याच्या शेजारी बसलो. मला रडूही येईना, फार लाज वाटत होती.

शनिवारी जळगावला पोचलो. आई ओसरीत वाती वळत बसली होती. पुष्पानं पाणी आणून दिलं आणि समोर उभी राहिली. मी सगळं सांगून टाकलं, कारण बसमध्ये ठरवलेलं खोटं वाटेतल्या पारोळ्यापर्यंतसुद्धा टिकलं नव्हतं. आई वात तशीच हातात धरून म्हणाली, "एकडाव इचारलं आन् सोडून देलं? असं कोणी मानसाले इचारते का? काही रीतभात नाही का त्याच्या घरी?" ती साहेबांवर बराच वेळ बोलत राहिली. माझं काही चुकलं, असं तिला वाटलंच नाही.

पुष्पा आत गेली, मी मागोमाग गेलो. खोलीतलं लोखंडी कपाट उघडं होतं. त्यातला मधला कप्पा तिनं रिकामा करून, खाली नवा कागद घालून ठेवला होता. माझ्या कपड्यांसाठी. कागदाच्या कडा तिनं कात्रीनं नागमोडी कापल्या होत्या. फोन झाल्यावर लगेचच केलं असावं, कारण कागदावर थोडी धूळ बसलेली होती. तिनं पदरानं ती पुसली आणि तिथंच उभी राहिली.

नूतन दोघांच्या मधून डोकावली. "बाबा, तुम्ही इथे नाही ना राहणार आता? मग हा कप्पा माझ्या बाहुल्यांना देता?"

मी पुष्पाकडे पाहिलं. ती कपाटाच्या दाराकडे बघत होती. मी हो म्हणालो, आणि नूतन बाहुल्या आणायला पळाली.